पुरू, यदू आणि कॉर्डेलिया: दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची कशी

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून "अभिजात" हा शब्द आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजारातसुद्धा ऐकू यायला लागला. बॅनर लागले, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड फिरले, आनंद झालाच, होणारच. पण शब्द ओळखीचा झाला म्हणजे कळला असं नाही. परवा माझ्या भाचीचा फोन आला, ती बी.ए. करतेय, म्हणाली मामा, प्रश्न असा येतो की दोन अभिजात कलाकृतींमधली पात्रं आणि आशयसूत्रं यांची तुलना करा, आणि गाईडमध्ये एक तक्ता दिलाय, डावीकडे साम्य, उजवीकडे फरक, तो मी पाठ केला, पण हे करायचं कशासाठी तेच मला कळत नाहीये. मला तिचा प्रश्न इतका खरा वाटला की तासभर बोललो तिच्याशी. तेच इथे जरा नीट लिहितोय, कारण वाचनालयात येणारे मोठे लोकसुद्धा हेच विचारतात.

आधी शब्द सोडवून घेऊ

अभिजात भाषा आणि अभिजात कलाकृती या दोन वेगळ्या गोष्टी. भाषेला दर्जा सरकार देतं, ती किती जुनी, तिच्यात किती जुनं साहित्य आहे वगैरे बघून. कलाकृतीला कुणी सर्टिफिकेट देत नाही. ज्या पुस्तकाकडे किंवा नाटकाकडे पिढ्यामागून पिढ्या परत परत येतात आणि प्रत्येक पिढीला त्यात आपलं काहीतरी सापडतं, ते अभिजात, एवढं धरून चाला.

आशयसूत्र म्हणजे गोष्ट ज्या प्रश्नाभोवती फिरते तो प्रश्न. "राजाला तीन मुली होत्या" ही गोष्ट झाली. "प्रेम बोलून दाखवावं लागतं का" हे आशयसूत्र. आणि वेगवेगळ्या भाषांतलं, काळांतलं साहित्य असं शेजारी ठेवून वाचायला तौलनिक अभ्यास म्हणतात. यापुढे मी नुसतं तुलना म्हणेन.

दशावतार बघणारा माणूस हे दरवर्षी करतो

आपल्याकडे दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर रात्रभर दशावतार चालतो. आख्यान सगळ्यांना आधीच माहीत असतं, हरिश्चंद्र असला तर तो डोंबाघरी राबणार हे पोरासोरांनाही ठाऊक. आणि डायलॉग लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो, पखवाज आणि पेटीवाला त्याच्या मागून जातो. मग गोष्ट माहीत असताना लोक थंडीत घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत का बसतात? कारण हा राजपार्टीवाला, म्हणजे राजाचं काम करणारा नट, यंदा काय करतो ते बघायचं असतं.

माझे आजोबा पहाटे दहीकाल्याने खेळ संपल्यावर घरी येताना वाटेत मागच्या वर्षीच्या मंडळाशी तुलना करायचे. एकदा म्हणाले, "आवाज बरो हा त्येचो, पण बायलेक इकताना डोळ्यात पाणी दिसूक नाय." बस, ही तुलना. गोष्ट तीच, प्रसंग तोच, मग माणूस वेगळा कुठे वागला ते बघायचं, आणि त्यावरून त्याला हरिश्चंद्र कसा वाटला ते ओळखायचं. आजोबांना हरिश्चंद्र नुसता सत्यवचनी नको होता, वचन पाळताना तुटणारा हवा होता.

अंगठी, मासा आणि कोळी

पहिली पायरी हीच, एक पात्र आणि दोन कलाकृती. शकुंतला घ्या. बहुतेकांना कालिदासाची शकुंतला माहीत असते, दुर्वासांचा शाप, पाण्यात पडलेली अंगठी, विसरलेला राजा. पण महाभारताच्या आदिपर्वातल्या मूळ कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथे शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते आणि दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो म्हणतो मी हिला ओळखत नाही. आणि ती गप्प बसत नाही, भर दरबारात त्याला सुनावते की राजा, दुसऱ्याचा मोहरीएवढा दोष तुला दिसतो आणि स्वतःचा बेलफळाएवढा दिसत असून दिसत नाही. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा राजा कबूल करतो की मला माहीत होतं, पण नुसत्या तिच्या सांगण्यावरून घेतलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता.

आता कालिदासाने शाप का आणला असेल याचा विचार करा. शाप आल्याबरोबर राजा खोटारडा राहत नाही, तो विसरलेला होतो, आणि गोष्टीचा प्रश्नच बदलतो. महाभारतात प्रश्न होता की लोकलाजेसाठी माणूस किती खोटं बोलेल. कालिदासात प्रश्न होतो की प्रेम विसरलं तर परत कशाने आठवतं. एक अंगठी घातली आणि अख्खं आशयसूत्र हललं.

आणि ती अंगठी सापडते कुणाला? कोळ्याला, माशाच्या पोटात. नाटकाच्या सहाव्या अंकात शिपाई त्या कोळ्याला चोर समजून बांधून आणतात, त्याच्या धंद्याची टिंगल करतात, आणि तो म्हणतो की ज्या कामात माणूस जन्माला आला ते निंद्य असलं तरी सोडू नये. नंतर राजाकडून अंगठीच्या मोलाइतकं बक्षीस येतं, तो अर्धं शिपायांना देतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानात जातात. मी हा सीन पहिल्यांदा वाचला तेव्हा बंदरावर बसलो होतो आणि पुस्तक मिटून बराच वेळ नुसता समुद्राकडे बघत राहिलो. राजाराणीच्या एवढ्या मोठ्या नाटकात गाडी पुढे सरकते ती एका कोळ्याच्या सुरीने, आणि महाभारतातल्या कथेत तो माणूसच नाही.

आता दोन बाप

दुसरी पायरी अवघड आहे. इथे गोष्टी वेगळ्या, भाषा वेगळ्या, एकमेकांना न भेटलेल्या. एक आपला ययाती, दुसरा शेक्सपिअरचा राजा लिअर. लिअरचा प्रयोग १६०६ च्या डिसेंबरात लंडनच्या दरबारात झाला होता, एवढं जुनं ते.

लिअर म्हातारा झालाय, राज्य तीन मुलींत वाटायचं ठरवतो, पण आधी विचारतो, माझ्यावर तुमचं प्रेम किती ते सांगा. मोठ्या दोघी तोंड भरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, काही नाही. मुलीने बापावर करावं तेवढं करते, जास्त नाही, कमी नाही. लिअर भडकतो, तिला काही न देता हाकलतो आणि सगळं मोठ्या दोघींना देऊन टाकतो.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको खरं तर. हयातीतच बक्षीसपत्र करून सगळं नावावर करून दिलं, स्वतःसाठी फक्त राहायचा हक्क आणि आंब्याच्या चार कलमांचं उत्पन्न ठेवलं, आणि मग ओटीवरची खाट पडवीत गेली, पडवीतून मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात गेली, अशी घरं प्रत्येक वाडीत एखादं तरी असतं. लिअरने स्वतःसाठी शंभर सरदार ठेवले होते. मोठी म्हणते पन्नास पुरेत. मधली म्हणते पंचवीसच आण. मग दहा तरी कशाला, पाच कशाला, आणि शेवटी, एक तरी कशाला हवा? वाचताना तो आकडा उतरतो ना, तसा घशात आवंढा चढतो. त्या रात्री म्हातारा वादळात बाहेर पडतो.

ययातीची गोष्ट उलट दिशेने जाते. देवयानी त्याची बायको, तिचे यदू आणि तुर्वसू हे दोन मुलगे, शर्मिष्ठेपासून त्याला चोरून आणखी तीन मुलगे होतात, ते कळल्यावर देवयानीचे वडील शुक्राचार्य शाप देतात आणि ऐन भरात म्हातारपण येतं. उतारा एकच, कुणी आपलं तारुण्य दिलं तर अदलाबदल होईल. ययाती पाचही मुलांना विचारतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू, चौघं नाही म्हणतात, त्यांना शाप मिळतो. धाकटा पुरू हो म्हणतो. हजार वर्षं भोगून झाल्यावर ययातीला कळतं की तूप ओतून आग विझत नाही, तो तारुण्य परत करतो आणि राज्य पुरूला देतो.

पहिलं साम्य फसवतं

हे दोन शेजारी ठेवले की कुणीही पटकन म्हणतो, दोन्हीकडे म्हातारा बाप, दोन्हीकडे मुलांची परीक्षा, दोन्हीकडे धाकटं मूल खरं निघतं, म्हणजे पुरू आणि कॉर्डेलिया एकसारखे. भाचीच्या गाईडसारखा तक्ता केला असता तर पहिल्याच ओळीत हे आलं असतं आणि त्यावर मार्कही मिळाले असते.

पण जरा थांबा आणि पात्र कुठे उभं आहे ते न बघता ते करतं काय ते बघा. पुरू बापाच्या मागणीला हो म्हणतो. कॉर्डेलिया नाही म्हणते. मग ययातीच्या घरात नाही कोण म्हणतं? यदू. आणि का म्हणतो ते महाभारतात स्पष्ट लिहिलंय, म्हातारपणात खाण्यापिण्याचेसुद्धा हाल होतात, केस पिकतात, अंगातली ताकद जाते, मला ते नको. यात खोटं काय आहे? बापाने मागू नये ते मागितलं, मुलाने खरं सांगितलं, आणि वारसा गेला. कॉर्डेलियाचंही हेच झालं! म्हणजे कॉर्डेलियाचा खरा भाऊ धाकटा पुरू नाही, थोरला यदू आहे.

हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी उठून महाभारताचा तो भाग परत वाचला, कारण लहानपणापासून कीर्तनात ऐकताना मी यदूला कृतघ्न मुलगाच समजत आलो होतो. लिअर वाचल्याशिवाय मला यदू दिसलाच नसता. तुलना करायची ती यासाठी, एका पुस्तकाने दुसऱ्या पुस्तकातला कोपऱ्यातला माणूस दिसावा म्हणून.

आता पुढचा प्रश्न, एकच गोष्ट केली तर निकाल वेगळा का लागतो? शेक्सपिअर नाही म्हणणाऱ्या मुलीच्या बाजूने उभा राहतो, चूक बापाची आहे हे नाटकभर दिसत राहतं, तरी शेवटी तिला फाशी होते आणि तिला हातावर घेऊन लिअर मरतो. महाभारत हो म्हणणाऱ्याला राज्य देतं. प्रजा विचारते की थोरल्याला सोडून धाकट्याला कसं, तर उत्तर मिळतं की बापाचं ऐकतो तोच पुत्र. पण महाभारत एवढ्यावर संपवत नाही. नाही म्हणणाऱ्या यदूच्याच वंशात पुढे कृष्ण येतो. मला वाटतं महाभारतालाही यदूची बाजू पुरती पुसायची नव्हती, पण हे माझं मत झालं.

नसलेली माणसं मोजा

तुलनेत दिसतं ते लिहायला सगळे शिकवतात. नसलेलं मोजायला फारसं कुणी शिकवत नाही, आणि मला स्वतःला तिथेच सगळ्यात जास्त सापडलंय.

लिअरच्या नाटकात लिअरची बायको नाही. एखाद्या उल्लेखापलीकडे तीन मुलींची आई कुठेच नाही. आता १९७० चं नटसम्राट शेजारी ठेवा. शिरवाडकरांनी लिअरचा सांगाडा घेतला, सगळं मुलांना वाटून टाकणारा बाप, मग दारोदार. पण मुलं दोनच, मुलगा आणि मुलगी, म्हणजे तिसरी नाही, कॉर्डेलियाच नाही. मग तिची जागा कुणाकडे गेली? कावेरीकडे. जी शेक्सपिअरमध्ये नव्हती ती बायको इथे आली, वाटण्या करताना नवऱ्याला सावध करणारी तीच, बरोबर निघणारी तीच आणि मरणारीही तीच. आणि शेवटी सावली देतो रस्त्यावरचा बूटपॉलिश करणारा पोरगा, रक्ताचं नातं नसलेला. मराठी घरात म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांत कोण जवळ असतं याचं शिरवाडकरांनी दिलेलं उत्तर मला त्या अदलाबदलीत सापडतं.

ययातीकडे तेच करा. बाप आणि मुलगा तारुण्याची देवघेव करतात, बायकांना कुणी विचारलं? महाभारतात त्या क्षणी त्यांचा आवाज नाही. खांडेकरांनी, ज्यांनी आपल्या शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून अनेक वर्षं शिकवलं, त्यांनी १९५९ च्या 'ययाति' कादंबरीत देवयानी आणि शर्मिष्ठा दोघींना स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं. आणि लगेच १९६१ मध्ये गिरीश कर्नाडांचं कन्नड नाटक आलं, त्यात पुरूला बायको आहे, चित्रलेखा. नवरा सकाळचा तरुण संध्याकाळी म्हातारा होऊन समोर आला तर त्या मुलीने काय करायचं? कर्नाडांची चित्रलेखा विष घेते. त्यानंतर पुरूच्या त्यागाकडे मी पूर्वीच्या नजरेने बघू शकलो नाही, त्याने दिलं ते नुसतं त्याचं नव्हतं.

"मग हे एकमेकांचं बघून लिहिलं का?"

हा प्रश्न हमखास येतो. कधी हो, कधी नाही. नटसम्राटमागे लिअर आहे, लिअरमागेही शेक्सपिअरच्या आधीचं एक नाटक होतं ज्यात राजाला राज्य परत मिळतं, शेक्सपिअरने तो गोड शेवट काढून टाकला. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला पण आज वेंगुर्ल्याचा काजू कुणाला परका वाटतो? तसं हे.

पण काही साम्यं अशी नसतात. महाभारतात भीष्म कर्णाला अर्धरथी, म्हणजे अर्धाच योद्धा म्हणतो, तो अपमान गिळून कर्ण ठरवतो की भीष्म असेपर्यंत शस्त्र धरणार नाही, आणि दहा दिवस युद्धाबाहेर बसतो. ग्रीकांच्या इलियडमध्ये अकिलीस सेनापतीने अपमान केला म्हणून असाच तंबूत बसतो. कुणी कुणाचं उचललं असं म्हणायला आधार नाही. जगात कुठेही होडी बघा, तोंड निमुळतंच असतं, कारण पाणी सगळीकडे एकच. मानी योद्धा अपमान झाल्यावर काय करेल हे त्या पाण्यासारखं आहे. फरक पुढे आहे. अकिलीस परततो मित्राच्या मरणाचा सूड घ्यायला. कर्ण परत येताना आधी शरपंजरी पडलेल्या भीष्माकडे जातो, ज्याने अपमान केला त्याचीच परवानगी मागायला. एवढ्यातच दोन महाकाव्यांचे स्वभाव कळतात.

"काळ वेगळा, देश वेगळा, आंब्याची फणसाशी तुलना कशी?"

आंब्याची फणसाशी तुलना होत नाही म्हणणारा माणूससुद्धा मे महिन्यात दोन्ही खाऊनच हे सांगत असतो. वेगळेपणा माहीत असणं ही तुलनेची अडचण नाही, तीच तिची भूक आहे. चूक तेव्हा होते जेव्हा एकाची मोजपट्टी घेऊन दुसऱ्याला मार्क दिले जातात, की लिअर श्रेष्ठ कारण तो माणसासारखा, किंवा ययाती श्रेष्ठ कारण तो आपला. तसं करायचं नाही.

पुलंनी १९६५ मध्ये हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणली. क्युबाचा सांतियागो, चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही, पंच्याऐंशीव्या दिवशी एकटाच लांब समुद्रात जातो. ती गोष्ट मी आमच्या वाडीतल्या एका रापणकर काकांना सांगितली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं, पन्नासभर माणसं दोन्ही टोकांनी ओढतात आणि मग माशाचे वाटे होतात. काकांचा हात जाळ्याच्या गाठीवर थांबला. म्हणाले, "एकटोच गेलो? त्येच्या गावात माणसां नाय हुती?"

मला आधी वाटलं त्यांना गोष्ट कळली नाही. घरी येऊन पुस्तक उघडलं. मुलगा होता बरोबर, पण चाळीस दिवस मासा मिळाला नाही म्हणून आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवलं. आणि भर समुद्रात म्हातारा पुन्हा पुन्हा तेच म्हणतो, पोरगा हवा होता इथे. मी ती गोष्ट इतकी वर्षं एकट्या माणसाच्या जिद्दीची म्हणून वाचत होतो. काकांनी ती रापणीशेजारी ठेवली आणि त्यातलं एकटेपण बाहेर आलं. साहित्याचा एकही पेपर न दिलेल्या माणसाने केलेली ही तुलना मी अजून विसरलेलो नाही.

"एवढी चिरफाड केल्यावर गोष्टीची मजा जात नाही का?"

पहिल्या वाचनात करूच नका. पहिल्यांदा वाहून जायचं, रडायचं, रात्र जागवायची. तुलना दुसऱ्या वाचनाची गोष्ट आहे. आणि इंग्रजी येत नाही हेही कारण राहिलेलं नाही, आपल्या देवगडच्या बाजूचे विंदा करंदीकर, त्यांनी १९७४ मध्ये 'राजा लिअर' मराठीत दिलाय, बऱ्याच वाचनालयांत कपाटात उभा असतो.

भाचीला मी एवढंच सांगितलं की तक्ता फाडू नकोस, पण तो भरण्याआधी दोन प्रश्न विचार, हे पात्र नेमकं करतं काय, आणि इथे असायला हवं होतं असं कोण नाहीये. चार दिवसांनी तिचा मेसेज आला. "मामा, तू यदूचं सांगितलंस ते लिहिलं. पण पुरू शर्मिष्ठेचा मुलगा ना? म्हणजे जिचा मुलगा चोरून झाला त्यालाच राज्य मिळालं, आणि देवयानीचे दोघं गेले. मग देवयानीला काय वाटलं असेल?" मी खांडेकरांची प्रत तिच्यासाठी काढून ठेवलीये, शनिवारी ती घरी येतेय.